कमांड लाइनवरचे ऑप्शन वाचणारी छोटी लायब्ररी, आपल्याच हाताने

घरच्या लग्नाचे फोटो बारीक करायला मी एकदा एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. कमांडच्या नावापुढे टाइप करायचे शब्द, म्हणजे आर्ग्युमेंट, असे: पहिलं रुंदी, दुसरं फोल्डर, पुढे फोटोंची नावं. लिहिला त्या दिवशी हा क्रम तोंडपाठ होता. पुढच्या दिवाळीत परत चालवला तेव्हा आधी फोल्डर टाइप केलं आणि मग रुंदी. प्रोग्रामने हूं की चूं न करता "८००" नावाचं फोल्डर बनवलं, "बारीक" या शब्दाची संख्या करायला घेतली, ती शून्य भरली, आणि शून्य रुंदीच्या फायली त्या फोल्डरात शिस्तीत रचून ठेवल्या. मूळ फोटोंना हात लागला नव्हता, एवढंच नशीब.

रुंदीला "रुंदी" असं नाव देऊन सांगायची सोय असती तर हे घडलं नसतं. ती सोय करणारा कोड म्हणजे आर्ग्युमेंट पार्सर. तयार पार्सर प्रत्येक भाषेत आहेत आणि त्यातला कुठला कधी घ्यावा ते शेवटी सांगतो. पण एक छोटा पार्सर स्वतः लिहून बघावाच. सगळा मिळून साधारण शंभर ओळींत बसतो, आणि लिहिताना कळतं की टायपिंगला अर्धा तास लागतो, नियम ठरवायला अख्खी दुपार.

खालची कृती मी मराठीत लिहिली आहे. पायथन, जावास्क्रिप्ट, गो, लुआ, तुम्हाला जी जवळची असेल तिच्यात ती जवळपास ओळीला ओळ उतरते. प्रोग्रामचं नाव "कात्री". ऑप्शनची नावंही मराठीच ठेवली आहेत. ती तशीच ठेवूनही प्रोग्राम चालतो, फक्त काही ठिकाणी ठेच लागते. त्या जागा वाटेत दाखवतो.

आपल्या हातात येतं काय

समजा वापरणाऱ्याने हे लिहिलं:

```
कात्री -श --रुंदी=८०० "आजीचा वाढदिवस.जेपीजी" सहल*.जेपीजी
```

ही ओळ आपल्या प्रोग्रामपर्यंत अशी येतच नाही. मध्ये शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, बसलेला असतो. तो मोकळ्या जागांवर ओळ तोडतो, अवतरणचिन्हं काढून टाकतो आणि ताऱ्याच्या जागी जुळणाऱ्या फायलींची नावं घालतो. आपल्याला मिळते ती तयार शब्दांची यादी:

```
०  कात्री
१  -श
२  --रुंदी=८००
३  आजीचा वाढदिवस.जेपीजी
४  सहल१.जेपीजी
५  सहल२.जेपीजी
```

तिसरा शब्द बघा. मधली मोकळी जागा शाबूत, अवतरणं गायब. म्हणून लायब्ररीत अवतरणं सोडवायचा किंवा तारा उलगडायचा कोड लिहायला जाऊ नका. नवखे लोक हमखास लिहितात, आणि मग नावातच अवतरणचिन्ह असलेली फाइल आली की सगळं कोसळतं. एकही फाइल जुळली नाही तर बॅश हा शेल "सहल*.जेपीजी" हा शब्द ताऱ्यासकट पुढे ढकलतो, झेडशेल मात्र तिथेच अडवतो. विंडोजवर तर प्रोग्रामला एकच लांबलचक स्ट्रिंग मिळते. तिचे तुकडे प्रोग्रामसोबत आलेला रनटाइम करतो आणि तिथला जुना कमांड प्रॉम्प्ट तारा उलगडून देत नाही. तुमची कात्री विंडोजवरही चालवायची असेल तर तारा उलगडणं प्रोग्रामच्या गळ्यात पडतं, पण तेही पार्सरच्या बाहेर करा.

यादीतला शून्य क्रमांकाचा शब्द म्हणजे प्रोग्रामचं नाव. तो बाजूला काढून उरलेली यादी पार्सरला द्यायची. पण बाजूला काढण्याआधी तो आहे ना, हे बघा. लिनक्सवरच्या पीकेएक्झेक या, दुसऱ्या वापरकर्त्याच्या अधिकारांनी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण जानेवारी २०२२ मध्ये बाहेर आलं, ते नेमकं इथलं. त्याचं लूप १ पासून सुरू व्हायचं. कुणी त्याला पूर्ण रिकामी यादी देऊन चालवलं की तो यादीच्या पलीकडे जाऊन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी नाव-किंमत अशी सेटिंग) वाचायचा, आणि त्यातून साध्या वापरकर्त्याला थेट रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार मिळवता यायचे. ही चूक २००९ पासून कोडमध्ये पडून होती. यादीचा पहिला शब्द गृहीत धरायचा नाही, हा धडा माझ्यापुरता तिथे पक्का झाला.

आधी नियम, कागदावर

एका अक्षराचे ऑप्शन वाचणारं गेटऑप्ट हे फंक्शन १९८० च्या सुमारास एटी अँड टीच्या युनिक्समध्ये आलं. पुढे पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकात त्या शिरस्त्याचे लेखी नियम झाले, आणि दोन डॅशची लांब नावं ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी रुळवली. लोकांच्या बोटांना आज हीच सवय आहे. इथे नवं काही शोधून काढू नका. कात्रीसाठी मी ठरवलेले नियम असे:

- "--रुंदी ८००" आणि "--रुंदी=८००" दोन्ही चालतील.
- "-र ८००" आणि "-र८००" दोन्ही चालतील.
- किंमत (म्हणजे व्हॅल्यू, जसं वरचं ८००) न लागणारे आखूड ऑप्शन एकत्र लिहिता येतील. "-शप" म्हणजे "-श -प".
- एकटा "--" आला की ऑप्शन संपले. पुढचं सगळं फायलींची नावं.
- एकटा "-" हा ऑप्शन नाही. त्याचा अर्थ स्टँडर्ड इनपुट, म्हणजे कीबोर्डवरून किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडून येणारा मजकूर.
- ऑप्शन आणि फायली कुठल्याही क्रमाने मिसळल्या तरी चालेल.

यातला चौथा नियम अनेकांना शोभेचा वाटतो. एखाद्या फोल्डरात "-रफ" नावाची फाइल करून बघा आणि मग तिथे ताऱ्यासह कुठलीही कमांड चालवा. शेल ते नाव यादीत जसंच्या तसं घालतो, आणि प्रोग्राम ती फाइल न मानता ऑप्शन मानतो. "--" हा त्यावरचा उतारा. फाइलचं नाव "./-रफ" असं लिहिणं हा दुसरा.

शेवटच्या नियमावर मतभेद आहेत. पॉझिक्स म्हणतं ऑप्शन आधी, फायली नंतर. ग्नूचं गेटऑप्ट क्रम सैल सोडतं, आणि "पॉझिक्सली करेक्ट" नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केलं तरच कडक होतं. गोचं फ्लॅग पॅकेज पहिल्या साध्या शब्दापाशी थांबतं. मी सैल बाजू घेतो. माणसाची कमांड लिहून होते आणि मग त्याला आठवतं की अरे, शांत चालवायचं होतं. वरचा बाण दाबून शेवटी "-श" जोडण्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

दोन गोष्टी मी मुद्दाम सोडल्या आहेत. एक, अर्धवट नाव. ग्नूच्या लांब ऑप्शनमध्ये आणि पायथनच्या आर्गपार्स या तयार पार्सरमध्ये "--रुं" लिहिलं तरी "--रुंदी" समजून घेतलं जातं. सोयीचं वाटतं, पण उद्या तुम्ही "--रुंदावून" नावाचा ऑप्शन वाढवलात की कुणाच्या तरी रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमधलं "--रुं" दोघांना जुळतं आणि स्क्रिप्ट बंद पडते. आर्गपार्समध्ये ही सवय बंद करायचा पर्याय ३.५ आवृत्तीपासून आहे, तो वापरा. दुसरी, असली तर असली नसली तर नसली अशी किंमत. "--रंग" नुसता चालतो आणि "--रंग=कायम" हाही चालतो. मग "--रंग सहल.जेपीजी" यातला सहल हा रंग की फाइल? ग्नूने उत्तर काढलं आहे की अशी किंमत फक्त "=" लावूनच द्यायची. मी म्हणतो असा ऑप्शनच नको.

तक्ता

पार्सरला कात्रीबद्दल काहीही माहीत नसावं. त्याला एक तक्ता द्यायचा, बस. त्यातला फ्लॅग म्हणजे किंमत न लागणारा, नुसता होय-नाही ऑप्शन.

```
-र  --रुंदी  संख्या  ८००   फोटोची रुंदी, पिक्सेलमध्ये
-क  --कुठे  मजकूर  "."   तयार फोटो ठेवायचं फोल्डर
-प  --पुसून  फ्लॅग   नाही  आधीची फाइल असेल तर तिच्यावर लिही
-श  --शांत  फ्लॅग   नाही  काम चालू असताना काही बोलू नको
-म  --मदत  फ्लॅग   नाही  हा मजकूर दाखव
```

याच तक्त्यातून वाचन होणार, यातूनच मदतीचा मजकूर तयार होणार. दोन्ही वेगळे लिहिले की सहा महिन्यांत त्यांचं पटेनासं होतं. मदतीत असलेला ऑप्शन प्रोग्रामला ठाऊक नाही आणि प्रोग्रामला ठाऊक असलेला मदतीत नाही, अशी साधनं आपण सगळ्यांनी वापरली आहेत.

मुख्य लूप

```
वाचा(तक्ता, शब्द):
    दिलेले = रिकामा कोश
    उरलेले = रिकामी यादी
    क्र = ०
    जोवर क्र < शब्दांची संख्या:
        श = शब्द[क्र]
        क्र = क्र + १
        जर श == "--":
            शब्द[क्र] पासून पुढचं सगळं उरलेले मध्ये घाला
            लूप सोडा
        नाहीतर जर श ची सुरुवात "--" ने:
            लांबनाव(श)
        नाहीतर जर श ची सुरुवात "-" ने आणि श != "-":
            आखूडनावं(श)
        नाहीतर:
            श उरलेले मध्ये घाला
    परत द्या (दिलेले, उरलेले)
```

तपासण्यांचा क्रम बदलू नका. एकटा "--" आधी, मग "--" ने सुरू होणारे, मग "-" ने सुरू होणारे. उलटं लिहिलंत तर "--शांत" हा "-", "श", "ा" अशा तुकड्यांत मोडायला घेतला जाईल.

"दिलेले" हा कोश, म्हणजे नावांपुढे किमती मांडणारी डिक्शनरी, रिकामा सुरू होतो, त्यात तक्त्यातल्या मूळ किमती भरलेल्या नाहीत, हे लक्षात आलं असेल. हे मुद्दाम. वापरणाऱ्याने स्वतः "--रुंदी=८००" लिहिलं आणि काहीच लिहिलं नाही म्हणून ८०० झालं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुढे कधी सेटिंगची फाइल आली तर कमांड लाइनवर जे लिहिलं त्याने फाइलीवर मात करायची, आणि फाइलीने मूळ किमतीवर. मूळ किमती आधीच मिसळून टाकल्या तर हा निवाडा करताच येत नाही. वाचून झालं की मग रिकाम्या जागा भरा.

कोश भाषेतला खरा कोशच असू द्या, आणि त्यात तक्त्यातलीच नावं जाऊ द्या. जावास्क्रिप्टमध्ये मिनिमिस्ट नावाची फार लोकप्रिय, खरोखर हलकी लायब्ररी आहे. तिला कुठलाही अनोळखी ऑप्शन चालतो आणि तो ती साध्या ऑब्जेक्टमध्ये ठेवते. त्यामुळे "__प्रोटो__" या खास नावाचा ऑप्शन देऊन प्रोग्राममधल्या सगळ्याच ऑब्जेक्टमध्ये ढवळाढवळ करता यायची. २०२० मध्ये ते उघड झालं आणि दुरुस्त झालं. तक्त्यात नसलेलं नाव दारातच परत पाठवलं तर हा प्रश्न उभा राहत नाही.

लांब नाव

```
लांबनाव(श):
    नाव, चिन्ह, किंमत = श ला पहिल्या "=" वर तोडा
    नोंद = तक्त्यात शोधा(नाव)
    जर नोंद नसेल: चूक
    जर नोंद फ्लॅग असेल:
        जर चिन्ह असेल: चूक
        दिलेले[नोंद] = होय
    नाहीतर:
        जर चिन्ह नसेल: किंमत = पुढचा_शब्द(नोंद)
        दिलेले[नोंद] = रूपांतर(नोंद, किंमत)
```

"पहिल्या" या शब्दावर बोट ठेवा. "--कुठे=वर्ष=२०२४" यात फोल्डरच्याच नावात "=" आहे. सगळ्या चिन्हांवर तोडलंत तर तीन तुकडे पडतील आणि शेवटचा हरवेल. आणि "चिन्ह" वेगळं का ठेवलं? "--कुठे=" म्हणजे किंमत दिली आहे पण ती रिकामी आहे. "--कुठे" म्हणजे किंमत अजून यायची आहे. नुसती किंमत रिकामी आहे का एवढंच बघितलं तर पहिल्या प्रकारात पार्सर पुढची फाइल गिळतो. शेल स्क्रिप्टमध्ये "--कुठे=$जागा" असं लिहिलेलं असतं आणि ते व्हेरिएबल एखाद्या दिवशी रिकामं निघतं, तेव्हा हे घडतं.

आता "पुढचा_शब्द". यादी संपली असेल तर चूक, हे उघड आहे. पण पुढचा शब्द डॅशने सुरू होत असेल तर? "--कुठे --शांत" लिहिलं तर गेटऑप्ट डोळे झाकून "--शांत" नावाचं फोल्डर मानतो. आर्गपार्स अडतो. मी आर्गपार्सच्या बाजूचा. "--शांत" नावाचं फोल्डर एकदा तयार झालं की ते पुसताना पुन्हा "--" आठवावा लागतो, आणि ज्याच्या हातून ते तयार झालं त्याला तो आठवत नसतोच. अपवाद दोनच: एकटा "-", आणि संख्येच्या ऑप्शनला आलेली ऋण संख्या, "--कोन -९०" सारखी. ज्याला खरोखर डॅशने सुरू होणारी किंमत द्यायची आहे त्याला "=" मोकळं आहे.

तोच ऑप्शन दोनदा आला तर नंतरचा खरा. काही जणांना यात चूक दाखवावीशी वाटते, पण लोक टोपणनावं करून ठेवतात. "कात्री" म्हटलं की मुळात "कात्री --रुंदी=१२००" चालावं, अशी ओळ शेलच्या सेटिंगमध्ये असते. एखाद्या दिवशी त्यांना ६०० हवी असते आणि ते नुसतं पुढे "--रुंदी=६००" लिहितात. चूक दाखवलीत तर त्यांचं टोपणनावच निकामी होतं.

आखूड नावं, आणि काना-मात्रा

```
आखूडनावं(श):
    बाकी = श मधलं पहिलं "-" सोडून उरलेलं
    जोवर बाकी रिकामी नाही:
        नोंद = तक्त्यात शोधा("-" + बाकीचं पहिलं अक्षर)
        जर नोंद नसेल: चूक
        बाकी = पहिलं अक्षर सोडून उरलेलं
        जर नोंद फ्लॅग असेल:
            दिलेले[नोंद] = होय
        नाहीतर:
            किंमत = बाकी
            जर किंमत रिकामी: किंमत = पुढचा_शब्द(नोंद)
            दिलेले[नोंद] = रूपांतर(नोंद, किंमत)
            लूप सोडा
```

"-शर८००" या शब्दावर हे हाताने चालवून बघा. श फ्लॅग आहे, नोंदला. र ला किंमत हवी, तेव्हा उरलेलं "८००" सगळं तिचं. काम संपलं. आता "-रश८००": र ला किंमत हवी, म्हणून "श८००" ही रुंदी, आणि रूपांतरात चूक. बरोबरच आहे. काही जण "-र=८००" असं लिहितात. गेटऑप्ट त्यातलं "=" सुद्धा किमतीत धरतो. मी ते सुरुवातीचं चिन्ह टाकून देतो, कारण लोक तसं लिहिणं सोडणार नाहीत.

या कृतीतला "पहिलं अक्षर" हा शब्द मराठीत फसवा आहे. "शि" हे आपल्याला एक अक्षर. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत, तिच्या हिशेबात श आणि वेलांटी अशा दोन खुणा. पायथनमध्ये "-शि" वर वरचं लूप चालवलंत तर "श" फ्लॅग लागतो आणि मग चूक दाखवणारा संदेश येतो की "-ि" नावाचा ऑप्शन नाही, आणि टर्मिनलवर त्या वेलांटीच्या शेजारी एक ठिपक्यांचं वर्तुळ लटकताना दिसतं. सी भाषेत हाल आणखी. तिथे गेटऑप्ट एकेक बाइट उचलतो आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची. म्हणजे "-श" सुद्धा जमत नाही. लांब नावांची तुलना मात्र बाइटला बाइट होते, त्यामुळे "--रुंदी" सीमध्येही बिनबोभाट चालतं. आखूड ऑप्शन मराठीत ठेवायचे असतील तर नुसती व्यंजनं ठेवा, काना-मात्रा नको.

लांब नावांतही एक खाच आहे. "ॲ" हे एकच चिन्ह म्हणून टाइप होतं किंवा अ वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखी, पण युनिकोडच्या लेखी ती वेगळी, आणि नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एका रूपात आणणं) करूनही एक होत नाहीत. "ऱ" चं तसं नाही. र खाली नुक्ता आणि सबंध "ऱ" ही जोडी नॉर्मलायझेशनने एक होते. तेव्हा तक्त्यातली नावं आणि आलेले शब्द, दोन्ही आधी नॉर्मलाइझ करून घ्या, आणि "ॲ" असलेलं नाव ऑप्शनला देऊच नका.

मजकुरातून किंमत

कमांड लाइनवरून येतं ते सगळं मजकूर असतं. त्याची संख्या करायची की नाही हे तक्त्याने सांगायचं, मजकुराच्या रूपावरून अंदाज बांधायचा नाही. मिनिमिस्ट असा अंदाज बांधते. पुण्याचा एसटीडी कोड "०२०" इंग्रजी अंकांत दिला की तो नुसता वीस होतो. हजेरी क्रमांकाच्या आधीची शून्यं अशीच जातात. हा ऑप्शन मजकूर आहे असं तिला आधी बजावावं लागतं.

उलट्या बाजूला सीचं एटूआय हे मजकुराची संख्या करणारं फंक्शन. संख्या जमली नाही तर ते शून्य देतं आणि गप्प बसतं. माझ्या लग्नाच्या फोटोंचं जे झालं ते याच्याच कृपेने. त्याऐवजी एसटीआरटूएल वापरा आणि शब्द शेवटपर्यंत वाचला गेला का ते तपासा, नाहीतर "८००पीएक्स" मधले ८०० उचलून तो पुढे जाईल.

वर "--रुंदी=८००" मराठी अंकांत लिहिलंय ते चालेल का? पायथनचं इंट आणि जावाचं पार्सइंट देवनागरी अंक मान्य करतात. जावास्क्रिप्टला ते संख्या वाटत नाहीत, गो चूक परत करतं, आणि सी पहिल्या अंकापाशीच थांबतं. चालवून घ्यायचं असेल तर रूपांतराआधी दहा अंकांची अदलाबदल करणारी एक ओळ पुरते.

होय-नाहीच्या बाबतीत आर्गपार्समध्ये जुना खड्डा आहे. ऑप्शनचा प्रकार "बूल" लिहिला की माणसाला वाटतं "फॉल्स" लिहिल्यावर फॉल्स मिळेल. पण पायथनमध्ये रिकामा नसलेला कुठलाही मजकूर खराच, त्यामुळे "फॉल्स" चंही ट्रू होतं. फ्लॅगला किंमत घेऊच नका. उलट अर्थ हवा असेल तर "--नको-पुसू" असा दुसरा फ्लॅग द्या.

पासवर्ड मात्र ऑप्शन म्हणून कधीच घेऊ नका. चालू प्रोग्रामची कमांड लाइन त्याच मशीनवरच्या इतरांना पीएस कमांडने सहसा दिसते, आणि शेलच्या इतिहासात ती राहते ती वेगळीच. फाइलमधून किंवा स्टँडर्ड इनपुटवरून घ्या.

चूक सांगायची रीत

पार्सरने स्वतः काही छापू नये आणि प्रोग्रामही बंद करू नये. चूक परत द्यावी. छापणं आणि बाहेर पडणं हे मुख्य प्रोग्रामचं काम. नाहीतर त्याच्या चाचण्या लिहिता येत नाहीत.

मुख्य प्रोग्रामने चूक स्टँडर्ड एररवर छापावी आणि २ हा एक्झिट कोड (० म्हणजे सगळं ठीक, बाकी चूक) देऊन बाहेर पडावं. आर्गपार्सही २ च देतो. पण "--मदत" मागितली असेल तर ती चूक नाही. तो मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर आणि कोड ०, म्हणजे लांबलचक मदत लेसमध्ये (मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पाठवून वाचता येते.

संदेशात तीन गोष्टी हव्यात: काय आलं, काय अपेक्षित होतं, आता काय करायचं.

```
कात्री: --रुंदि हा ऑप्शन नाही. --रुंदी म्हणायचं होतं का?
कात्री: --रुंदी ला संख्या हवी, "बारीक" मिळालं.
कात्री: --कुठे ला किंमत हवी, पण पुढे --शांत आलं.
```

पहिल्या ओळीतला अंदाज लेव्हनश्टाइन अंतराने काढता येतो. दोन शब्दांत किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील तो आकडा. वीस ओळींचं काम. अंतर २ किंवा कमी असेल तरच सुचवा. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) सुचवतं तसं सुचवा, पण आपणच दुरुस्त करून चालवू नका, विशेषतः "--पुसून" सारख्या ऑप्शनच्या बाबतीत.

एक संदेश मी नंतर घातला आणि त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. भावाला चॅटवर कमांड पाठवली. त्याचं म्हणणं, "दादा, चालत नाहीये, म्हणतोय अशी फाइल नाही." अर्धा तास गेला. वाटेत कुठेतरी दोन डॅशचा मिळून एक लांब डॅश झाला होता. पार्सरच्या दृष्टीने "—रुंदी" हे फाइलचं नाव. तेव्हापासून लांब डॅशने सुरू होणारा शब्द दिसला की कात्री आधी सांगते: हा डॅश कॉपी करताना बदललेला दिसतो, दोन साधे डॅश टाइप करा.

मदतीचा मजकूर

तक्त्यावर लूप फिरवा आणि छापा, एवढंच. फक्त रकाने जुळवायच्या नादी लागू नका. "रुंदी" पडद्यावर दोन अक्षरं, युनिकोडच्या पाच खुणा, यूटीएफ-८ चे पंधरा बाइट. पाच मोजून मोकळ्या जागा घातल्या की रकाना डावीकडे सरकतो, आणि प्रत्येक टर्मिनलवर वेगळा सरकतो. वरच्या तक्त्यातही तो थोडा हललेला दिसत असेल. मी वर्णन सरळ पुढच्या ओळीवर टाकतो:

```
वापर: कात्री [ऑप्शन] फोटो...

  -र, --रुंदी <संख्या>
      फोटोची रुंदी, पिक्सेलमध्ये (न दिल्यास ८००)
  -क, --कुठे <फोल्डर>
      तयार फोटो ठेवायचं फोल्डर
```

चाचण्या

पार्सर म्हणजे यादी आत, कोश बाहेर. यापेक्षा चाचणीला सोपं काही नसतं. निदान एवढ्या लिहा:

```
[]                            →  रिकामा कोश, फायली नाहीत
[-शप, अ]                      →  दोन्ही फ्लॅग, फाइल अ
[अ, -शप]                       →  क्रम उलटा, उत्तर तेच
[-र८००], [-र, ८००]             →  दोन्हींचं उत्तर एक
[--कुठे=वर्ष=२०२४]              →  फोल्डर "वर्ष=२०२४"
[--कुठे=, अ]                   →  रिकामं फोल्डर, फाइल अ
[--, -श]                      →  फाइल "-श", फ्लॅग नाही
[-]                           →  फाइल "-"
[--शांत=होय]                   →  चूक
[--रुंदी]                       →  चूक
[--कुठे, --शांत]                →  चूक
```

सहावी चाचणी माझ्या पहिल्या आवृत्तीत नापास झाली होती.

वाढवायचं तर, आणि थांबायचं तर

गिटसारख्या उपकमांडा हव्या असतील तर पार्सरला "पहिल्या साध्या शब्दापाशी थांब" असा एक स्विच द्या. पहिल्या फेरीत सामाईक ऑप्शन वाचायचे, तिथे जो शब्द मिळेल त्यावरून दुसरा तक्ता निवडायचा आणि उरलेल्या यादीवर "वाचा" परत बोलवायचं. दहा ओळी वाढतात.

त्यापुढे जावंसं वाटायला लागलं, म्हणजे टॅब दाबल्यावर नावं पूर्ण व्हावीत, एकमेकांना न चालणाऱ्या ऑप्शनचे गट असावेत, तर तयार लायब्ररी घ्या. पायथनमध्ये आर्गपार्स २.७ आणि ३.२ पासून भाषेसोबतच येतो, वेगळं काही बसवायला नको. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) २०२२ च्या १८.३ आवृत्तीपासून पार्सआर्ग्स हे फंक्शन आतच आहे, आणि छोट्या साधनासाठी मी आता मिनिमिस्टऐवजी तेच घेतो. गोचं फ्लॅग साधं आहे, पण "-शप" सारखी जोड त्याला कळत नाही. रस्टमध्ये क्लॅप सगळं करतो आणि त्याच्यासोबत कंपाइलचा वेळही वाढतो. हलकं हवं असेल तर पिको-आर्ग्स किंवा लेक्सॉप्ट बघा. सी प्लस प्लसमध्ये सीएक्सएक्सऑप्ट्स एका हेडर फाइलीत येते.

आणि ऑप्शनऐवजी फायलींचीच नावं हजारोंनी येत असतील, तर पार्सर कुठलाही असो, उपयोग नाही. लिनक्सवर सगळ्या आर्ग्युमेंटना मिळून साधारण २ एमबीची मर्यादा असते आणि एकेका शब्दाला १२८ केबीची. ती ओलांडली की शेलच "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग" म्हणून परत पाठवतो, आपला प्रोग्राम सुरूसुद्धा होत नाही. तिथे "-" कामाला येतो: नावं स्टँडर्ड इनपुटवरून घ्या, एका ओळीत एक.